चिलरचा वेग कमी केला तर बिल किती कमी होतं? काकांच्या दूध केंद्रावरचा हिशोब

हा भाग ऐकलेल्यांनी मागे एक घरघर ऐकली असेल. काहींनी मेसेज करून विचारलं की माइक खराब झालाय का. माइक ठीक आहे. ती घरघर काकांच्या चिलरची आहे. भूम तालुक्यात, आमच्या गावात, दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर बसून मी बोलत होतो. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी तोच भाग इथे लिहून काढलाय. बोलताना घसरलेली वाक्यं सरळ केलीत, बाकी तसंच आहे.

तर झालं असं. मी पुण्यात, आयटीत. मे महिन्यात एका रात्री काकांचा फोन. "आरं, तू इंजिनिअर हायेस ना? एक कागद पाठवलाय, बघ जरा. बिल लई यायलंय, आणि हा माणूस म्हणतोय तीस टक्के कमी करून देतो." व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशनचा फोटो होता: १० टनाचा व्हेरिएबल स्पीड चिलर, आणि खाली जाड अक्षरात 'वीज बिलात ३० टक्के बचत'. काका आणि गावातले आणखी सहा जण मिळून हे केंद्र चालवतात. मशीन घ्यायचं म्हणजे कर्ज, आणि कर्ज म्हणजे सात जणांच्या सातबाऱ्यावर बोजा. सही शुक्रवारी करायची होती.

खरं सांगायचं तर मी बी.टेक. केलं कॉम्प्युटरमध्ये. थर्मोडायनॅमिक्सशी माझा संबंध एका सेमिस्टरपुरता, तोही काठावर पास होण्याइतका. पण काकांना 'हे माझं क्षेत्र नाही' हे वाक्य चालत नाही. म्हणून म्हटलं, आठवडाभर थांबा, मी येतो.

आधी चिलर म्हणजे काय ते बघू. चिलर गारवा 'तयार' करत नाही. तो एका ठिकाणची उष्णता उचलून दुसऱ्या ठिकाणी नेऊन टाकतो. आत एक वायू फिरत असतो, त्याला रेफ्रिजरंट म्हणतात. एका बाजूला तो कमी दाबाखाली उकळतो आणि उकळताना पाण्यातली उष्णता शोषून घेतो, म्हणून पाणी गार होतं. मग कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, दाबल्यावर तो तापतो. बाहेरच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, पंख्याच्या वाऱ्यावर ती उष्णता सोडून तो पुन्हा द्रव होतो. एका झडपेतून त्याचा दाब उतरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. घरातल्या फ्रिजमध्येही हेच चालतं. फरक इतकाच की चिलर थेट वस्तू गार न करता पाणी गार करतो, आणि ते पाणी पाइपातून जिथे लागेल तिथे जातं: ऑफिसच्या एसीला, दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरला, कारखान्यातल्या साच्यांना, नवी मुंबईतल्या डेटा सेंटरला. काकांकडे ते दोन ठिकाणी जातं. एक म्हणजे दुधाचा प्लेट कूलर, जिथे पातळ पत्र्यांच्या एका बाजूनं दूध आणि दुसऱ्या बाजूनं गार पाणी वाहतं. दुसरी म्हणजे खव्याची खोली.

खव्याबद्दल वेगळं सांगायला नको. कुंथलगिरी आमच्याच तालुक्यात, तिथल्या खव्याला भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकनानं खवा टिकत नाही. उन्हाळ्यात बाहेर ठेवला तर दोन-तीन दिवसांत वास यायला लागतो. म्हणून ती खोली २४ तास गार हवी.

आता विजेचा मुद्दा. आमच्याकडे विहिरी आहेत म्हणून विहिरीचंच उदाहरण घेतो. पाणी १० फुटांवर असेल तर मोटार सहज उचलते, ५० फुटांवर गेलं की तेवढ्याच पाण्याला जास्त वीज. चिलरचंही तसंच. इथे 'खोली' म्हणजे आतल्या उकळणाऱ्या रेफ्रिजरंटचं तापमान आणि बाहेर उष्णता सोडतानाचं तापमान यातला फरक. भूमला मे महिन्यातल्या दुपारी हवा ४० अंश असते. त्या हवेत उष्णता सोडायची तर रेफ्रिजरंट तिच्याहून गरम लागतो, साधारण ५२ अंश. आत तो उणे ४ ला उकळत असेल तर चढ झाला ५६ अंशांचा. पहाटे हवा २५ ला येते, तेव्हा तोच चढ ४१-४२ वर उतरतो. बाहेरच्या बाजूचं तापमान एक अंश कमी झालं की वीज साधारण २ ते ३ टक्के वाचते, असा या धंद्यातला अंदाज आहे. म्हणजे आपल्या पठारावरची रात्र चिलरसाठी फुकटची सबसिडी आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग वेग कमी-जास्त करण्याचा काय संबंध? जुन्या चिलरची मोटार ५० हर्ट्झच्या विजेवर एकाच वेगानं फिरते. तिला दोनच गोष्टी कळतात: पूर्ण चालू आणि पूर्ण बंद. गारवा निम्माच लागत असेल तर ती अर्धा वेळ पूर्ण दमानं पळते आणि अर्धा वेळ बसते. पळताना दर सेकंदाला उष्णता पूर्ण भरानं कंडेन्सरवर येऊन आदळते, म्हणून कंडेन्सर हवेपेक्षा १२ अंश वर जातो. आता तीच मोटार पूर्ण वेळ पण अर्ध्या वेगानं चालवली तर? कंडेन्सर तेवढाच मोठा, पण उष्णता निम्मी. मग त्याला हवेपेक्षा ६ अंश वर गेलं तरी पुरतं. आतल्या बाजूलाही तसंच, तिथे रेफ्रिजरंटला इतकं खाली जायची गरज उरत नाही. चढ दोन्ही टोकांनी कमी झाला. काम तेवढंच, विहीर उथळ. बचत मुख्यतः इथून येते, मोटारीत काही जादू नसते.

हे तुमच्या खिशात रोज घडतं. फोनचा प्रोसेसर रील बघताना आणि गेम खेळताना एकाच वेगानं चालत नाही. काम कमी असलं की तो आपला वेग उतरवतो, आणि वेगासोबत व्होल्टेजही उतरवतो. वीज व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे थोडा वेग कमी केला तरी बॅटरी बरीच वाचते. तसं नसतं तर फोन दुपारपर्यंतही टिकला नसता.

मोटारीचा वेग बदलण्यासाठी मध्ये एक डबा लागतो, त्याला ड्राइव्ह किंवा व्हीएफडी म्हणतात. तो महावितरणची एसी वीज घेतो, तिची डीसी करतो, आणि सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांनी पुन्हा आपल्याला हव्या त्या फ्रिक्वेन्सीची एसी बनवतो. २५ हर्ट्झ दिले की मोटार निम्म्या वेगानं फिरते. फ्रिक्वेन्सी उतरवताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवावं लागतं, नाहीतर मोटार तापते. आणखी एक फायदा आमच्यासारख्या फीडरवर महत्त्वाचा आहे. साधी मोटार थेट सुरू करताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. काकांचा चिलर सुरू झाला की शेजारच्या घरातला बल्ब मिणमिणतो, ते त्यामुळे. ड्राइव्ह असली की मोटार हळूहळू उठते.

मोठ्या इमारतींत गोष्ट आणखी रंगते. तिथे सेंट्रिफ्यूगल चिलर असतात, म्हणजे आत पंख्यासारखं चाक वायूला बाहेर भिरकावून दाब देतं. अशा चाकाचा नियम आहे की वेग कमी केला तर वीज वेगाच्या घनानं कमी होते. ८० टक्के वेगाला साधारण ५१ टक्के वीज. अगोदर अशा मशीनचं काम कमी करायचं तर वायू येण्याच्या वाटेवरची पाती मिटवत. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ब्रेकनं गाडी सांभाळण्यातला प्रकार. पण सेल्समन हा घनाचा नियम सगळीकडे लावतात, आणि तिथे फसगत आहे. एक तर बाहेर उकाडा कायम असेल तर दाबही तेवढाच लागतो, वेग फार उतरवता येत नाही, चाकाकडून वायू उलटा फिरायला लागतो. दुसरं, काकांच्या चिलरमध्ये चाक नाही, स्क्रोल आहे. तो दर फेऱ्याला ठरलेला वायू चिरडून पुढे ढकलतो. तिथे घनाचा नियम लागूच होत नाही. फक्त कंडेन्सरच्या पंख्यांना लागतो. पंखा अर्ध्या वेगावर आणला तर खरोखर आठव्या हिश्शाची वीज घेतो.

आता तो ३० टक्क्यांचा आकडा. तो खोटाच असतो असं मी म्हणणार नाही. चिलरचं मोजमाप फक्त पूर्ण भारावर करत नाहीत, कारण बहुतेक इमारती वर्षातले फार थोडे तास पूर्ण भारावर असतात. अमेरिकेतली रूढ पद्धत अशी: पूर्ण भाराच्या कामगिरीला वजन फक्त १ टक्का, ७५ टक्के भाराला ४२, ५० टक्के भाराला ४५ आणि २५ टक्के भाराला १२. आपल्याकडेही ऊर्जा दक्षता ब्युरोनं २०१८ मध्ये चिलरसाठी स्टार लेबल आणलं, तेही अंशतः भार धरूनच. ज्या ऑफिसचा भार दिवसभर ५० ते ७५ टक्क्यांत रेंगाळतो, तिथे व्हेरिएबल स्पीडनं ३० टक्के वाचणं शक्य आहे.

म्हणजे मशीन चांगलं की वाईट हा प्रश्नच नव्हता. काकांचे २४ तास कुठे जातात ते बघायचं होतं.

ते कुणालाच माहीत नव्हतं. बिलावर महिन्याची युनिटं असतात, तासांची नसतात. मग मी माझ्या ओळखीचं काम केलं. वायरीभोवती चिमट्यासारखे बसणारे तीन सेन्सर घेतले, एक छोटा बोर्ड घेतला, आणि दर १० सेकंदांनी करंटची नोंद होईल असा प्रोग्राम लिहिला. गावातल्या इलेक्ट्रिशियननं पॅनल उघडून ते बसवले. (ते मी स्वतः केलं नाही, तुम्हीही करू नका. आणि पॅनलमध्ये दोन पाली मिळाल्या, त्यातली एक जिवंत.) शुक्रवारची सही आठवडाभर पुढे गेली. त्यावरून काकांना काय ऐकावं लागलं ते ते सांगत नाहीत.

आठवड्यानं आलेख पाहिला. रोज दोन टेकड्या: सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ९, दूध येतं तेव्हा. त्या तासांत कॉम्प्रेसर जवळजवळ सलग. उरलेले १८ तास कंगव्याचे दात: दोन-तीन मिनिटं चालू, वीस-पंचवीस मिनिटं बंद, पुन्हा दोन-तीन मिनिटं चालू. म्हणजे फक्त खव्याची खोली सांभाळणं.

याचा हिशोब कागदावर करता येतो. एका वेळी २,००० लिटर दूध येतं. ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायचं. दुधाचं वजन आणि उष्णता धरून ठेवायची त्याची क्षमता धरली तर साधारण ६९ युनिट उष्णता काढावी लागते. तीन तासांत काढायची म्हणजे २३ किलोवॅट. खव्याच्या खोलीचे आणखी ३. एकूण २६. चिलरचा एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट, तेव्हा १० टनाचा चिलर म्हणजे ३५ किलोवॅट, आणि कडक उन्हाळ्यात त्याहून कमीच. सहा तास मशीन पूर्ण क्षमतेच्या जवळ. तिथे वेग कमी करायला जागा नाही, उलट ड्राइव्ह स्वतःच दोन-चार टक्के वीज खाते.

आणि उरलेल्या १८ तासांत भार फक्त ३ किलोवॅट, दहावा हिस्साही नाही. इथे तरी व्हेरिएबल स्पीडचा फायदा व्हावा ना? नाही. कॉम्प्रेसरचा वेग हवा तितका खाली नेता येत नाही. वायूबरोबर वंगणाचं तेलही फिरत असतं, वेग फार कमी झाला की ते परत येत नाही आणि मशीन कोरडं पडतं. म्हणून बहुतेक मशीनना २५-३० टक्क्यांच्या खाली बंदच व्हावं लागतं. १० टनाचं नवीन महाग मशीनही त्या १८ तासांत तेच करणार होतं, चालू-बंद, चालू-बंद. दात जरा रुंद झाले असते एवढंच. ज्या मधल्या पट्ट्यात ते वीज वाचवतं, त्या पट्ट्यात काकांचं केंद्र जवळजवळ कधीच नसतं.

इथे माझ्यातला सॉफ्टवेअरवाला जागा झाला. सर्व्हरवर दिवसातून दोनदा गर्दी होत असेल तर आपण दरवेळी मोठा सर्व्हर घेत नाही. काम रांगेत लावतो आणि छोट्या सर्व्हरला ते सावकाश उपसू देतो. दिवसभराची एकूण उष्णता बघा: दुधाचे दोन वेळचे ६९ म्हणजे १३८, खव्याचे २४ तासांचे ७२, मिळून २१० युनिट. चोवीसनं भागा, सरासरी निघते पावणेनऊ किलोवॅट. फक्त अडीच टन! १० टन लागतात ते केवळ दूध एकदम येतं म्हणून. गारवा कुठेतरी साठवता आला तर ५ टनाचं मशीन निम्म्या वेगावर दिवसभर चालेल, म्हणजे नेमकं त्या मधल्या पट्ट्यात.

गारव्याची रांग म्हणजे बर्फ. हे मी काकांना मोठ्या उत्साहानं समजावायला लागलो, तर काका म्हणाले, "मग ते मागं पडलंय ते काय हाय?" पत्र्याच्या शेडमागे गवतात एक चौकोनी टाकी होती, आत नळ्यांची वेटोळी. पूर्वी केंद्र आइस बँकवर चालायचं. नळ्यांवर रात्रभर बर्फ धरायचा, आणि सकाळी त्याभोवतीचं शून्य-एक अंशाचं पाणी दुधाला जायचं. नवीन चिलर आला तेव्हा ती टाकी 'जुनी पद्धत' म्हणून बाहेर काढली. तसं पाहिलं तर चिलरचा 'टन' हाच मुळी बर्फातून आलाय. अमेरिकी टनभर, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तो एक टन. आम्हाला लागणार होता २७५-३०० किलो बर्फ. दूध येताना ५ टनाला जे झेपणार नाही, ते त्यातून निघतं.

फुकट काहीच नाही. बर्फ धरायचा तर रेफ्रिजरंटला आणखी खाली, उणे ७-८ ला उकळावं लागतं, म्हणजे विहीर थोडी खोल जाते. पण तो धरायचा बराचसा रात्री, जेव्हा बाहेर २५ अंश असतात आणि मशीन निम्म्या वेगावर, म्हणून दुसऱ्या टोकाला ती त्याहून जास्त उथळ होते. एकानं विचारलं की पाण्याचा कूलिंग टॉवर का नको? प्रश्न बरोबर आहे. आपली उन्हाळ्यातली हवा इतकी कोरडी की ४० अंशांच्या दुपारीही ओलं फडकं २२ च्या आसपास उतरतं. टॉवर इथे झकास चालला असता. पण टनामागे तासाला सहा-सात लिटर पाणी वाफ होऊन जातं, आणि आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की नळ्यांत खडे बसतात. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. त्या भागात रोज पाणी हवेत सोडायचा सल्ला मी देणार नाही.

मग आम्ही त्याच विक्रेत्याला नवीन कोटेशन मागितलं: ५ टन, व्हेरिएबल स्पीड, बर्फासाठी चालणारा, इलेक्ट्रॉनिक एक्स्पान्शन व्हॉल्व्हसह. हा व्हॉल्व्ह मुद्दाम विचारा. वेग बदलला की रेफ्रिजरंटचा प्रवाह बदलतो, जुन्या पद्धतीची झडप त्यामागे धावताना कधी जास्त सोडते, कधी कमी. शिवाय ड्राइव्ह सावलीत आणि हवेशीर जागी लागते. बऱ्याच ड्राइव्ह ४० अंशांपर्यंतच पूर्ण ताकद देतात, आणि पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात किती असतं ते सांगायला नको. पॅनलला पालींसाठी जाळी, हे काकांनी स्वतःच्या हातानं लिहिलं.

सेल्समन आधी नाराज होता, मग आलेख बघून गप्प झाला, मग म्हणाला, असा आलेख कुणी दाखवत नाही. नवीन आकडा आधीच्यापेक्षा बराच खाली आला, टाकीची दुरुस्ती धरूनही. जुना १० टनाचा चिलर विकायचा नाही असं ठरलं. तो जागेवर राहील, नवीन बंद पडला तर दूध नासू नये म्हणून.

हे बोलणं संपवताना काका ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "ते तीस टक्क्याचं काय झालं? किती वाचंल?" मी म्हटलं, सेन्सर तसेच ठेवलेत, नवीन मशीन बसल्यावर पुढच्या मे महिन्यात दोन आलेख शेजारी ठेवू. त्यांना ते फारसं पटलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "आन् सकाळी सातला लाइट गेली तर?"

याचं उत्तर मात्र माझ्याकडे होतं. टाकी भरलेली असेल तर एक छोटा पंप जनरेटरवर चालवायचा. ३०० किलो बर्फ म्हणजे साधारण २८ युनिट गारवा. सगळं नाही, पण ८०० लिटर दूध तेवढ्यावर ४ अंशांला येतं.

काकांनी हिशोब पुन्हा करायला लावला. आता त्यांना टाकी थोडी मोठी हवीय.